न उचललेला भंडारा

आमच्या बिरूभाऊचं नाव देवाचं. बिरोबाला नवस केला तेव्हा झालेलं पोर, म्हणून आईनं बिरू ठेवलं. आणि हा पठ्ठ्या देव मानत नाही. तेही गुपचूप नाही. भोसरीतल्या आमच्या कंपनीत पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या बारा प्रेस आणि चाळीस माणसं. नवा वॉचमन आला तरी आठवड्यात त्याला कळतं, की बिरूला पेढा दिला तर तो कपाळाला न लावताच तोंडात टाकतो.

मी सुमन. मूळची परभणीकडची, लग्न होऊन चिखलीत आले त्याला एकोणीस वर्षं झाली. त्यातली अकरा चार नंबरच्या प्रेसवर गेली. माझं तोंड जरा तिखट आहे असं सगळे म्हणतात. असू दे. गोड बोलून कोणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

बिरूभाऊ आमचा इलेक्ट्रिशियन. पन्नाशी ओलांडलेला, काटक, कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर. चाकणच्या पुढचं गाव त्याचं, तिथून रोज मोटारसायकलवर येतो. बोलायला कमी, पण एकदा वादात पडला की समोरच्याला पळता भुई थोडी करतो. सत्यनारायणाच्या पूजेत मध्येच भटजींना प्रश्न विचारून त्यानं एकदा सगळ्यांचा रसभंग केला होता. मला त्या दिवशी त्याचा भयंकर राग आला होता. मानत नाहीस तर घरी बस की बाबा, दुसऱ्याच्या ताटात माती कशाला कालवतोस?

पण त्याचं एक होतं. दर सोमवारी सगळ्या मशिनी तपासून रजिस्टरमध्ये टिक करायची असते. ज्या मशिनीकडे त्याचं जाणं झालं नसेल, तिच्यापुढे तो चक्क "बघितली नाही" असं लिहायचा. आमचा सुपरवायझर रणजीत कपाळावर हात मारून घ्यायचा, अरे टिक मार ना राव, कोण बघतंय. बिरूभाऊ म्हणायचा, मशीन मी बघितली का न्हाई ते मला ठाऊक हाय की.

दर रविवारी तो आईला, गवराबाईंना, मागं बसवून बिरोबाच्या देवळात नेतो. आई आत जाते आणि हा बाहेर तिच्या चपलांपाशी उभा. मी एकदा विचारलं, आईच्या जिवाला लागत नसेल का रे? तर म्हणाला, आईला पटतंय म्हनून मी तिला नेतो, मला पटत न्हाई म्हनून आत जात न्हाई, त्यात भांडन कुठं आलं?

मी त्याला सारखी डिवचायची. म्हणायची, भाऊ, ज्याला देवाचं भय नाही त्याचा भरवसा काय? आज बरा वागशील, उद्या कोणी बघत नसलं की घसरशील. आम्ही निदान वर कोणीतरी बघतोय म्हणून सरळ चालतो. तो हसायचा आणि विचारायचा, म्हंजे त्यानं डोळा झाकला की तुमी वाकड्या चालनार व्हय? मग दोन दिवस मी त्याच्याशी बोलायची नाही.

आता खंडेनवमीचं सांगते.

त्या दिवशी आमच्याकडे मशिनींची पूजा असते. हळदकुंकू, नारळ, झेंडूच्या माळा. चार नंबरची माळ दरवर्षी माझ्या हातची. सासूबाईंनी घालून दिलेला नेम आहे, की पूजेची माळ आपण होऊन सुकून गळेपर्यंत तिला हात लावायचा नाही, मग ती इंद्रायणीत सोडायची. त्या वर्षी मी चांगली मनगटाएवढी जाड माळ केली. ओवताना दुसरं टोक धरायला मी निशिगंधाला बसवलं. निशिगंधा म्हणजे दुसऱ्या शिफ्टला माझ्याच प्रेसवर काम करणारी पोरगी, बावीस वर्षांची, चिखलीत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. ती जरा मागं सरकत होती, पण मी म्हटलं, धर गं, लाजतेस काय.

त्याच वर्षी चार नंबरला नवा सेन्सर बसला होता. प्रेसच्या पुढं दोन बाजूंना दोन पिवळे खांब आणि मधून डोळ्याला न दिसणारा उजेड. त्या उजेडात बोट जरी आलं तरी प्रेस जागच्या जागी थांबते. फार सोय झाली होती. पत्रा वाकडा बसला तर आम्ही बिनधास्त आत हात घालून सरळ करायचो.

माळ बांधली तर तिचं पोट बरोबर त्या उजेडात लोंबायला लागलं. मुहूर्ताचा पीस काढायला मी बटणं दाबली तर प्रेस हलेना. पुन्हा दाबली, पुन्हा नाही. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. पूजेच्या दिवशी मशीन अडली, याच्यापेक्षा मोठा अपशकुन तो काय? बिरूभाऊ आला, बघितलं आणि म्हणाला, ताई, माळ दोन वीत वर बांधा, सुरू व्हईल. मी म्हटलं, बांधलेल्या माळेला हात लागणार नाही. रणजीत म्हणाला, मग सेन्सर बंद कर ना भावा थोडा वेळ. सेन्सर बंद करायची एक चावी असते, ती बिरूभाऊच्या ड्रॉवरमध्ये. बिरूभाऊ म्हणाला, फुलांसाठी सेन्सर बंद व्हनार न्हाई. झालं, माझा पारा चढला. मी त्याला चारचौघांत नको नको ते बोलले. त्याच्या आईला देवळात न्यायचं होतं, उशीर झाला होता, म्हणून तो तसाच निघून गेला.

बाकीचे पुढं ऑफिसात आरतीला गेले. मी चार नंबरपाशी एकटी राहिले. बिरूभाऊच्या ड्रॉवरला कुलूप नव्हतं, घाईत राहून गेलं होतं. मी चावी घेतली, फिरवली, परत होती तिथं टाकली. बटणं दाबली आणि प्रेस चालली. मुहूर्ताचा पीस हातात घेऊन मी डोळ्याला लावला. खरं सांगते, तेव्हा मला पाप केल्यासारखं काहीच वाटलं नाही, उलट देवाचं काम राखलं असंच वाटलं. माळ गळाली की चावी परत फिरवायची, एवढंच मनात होतं.

दसऱ्याची सुट्टी गेली. बिरूभाऊ आई आजारी पडली म्हणून आणखी दोन दिवस आला नाही. प्रेस माळेसकट चालताना रणजीतनं बघितली, पण त्याला वाटलं, शेवटी जाता जाता बिरूनंच बंद केला असेल सेन्सर. झेंडू चांगला होता, माळ काही गळेना. मी स्वतः आत हात घालत नव्हते, मला ठाऊक होतं ना. दुसऱ्या शिफ्टला सांगायचं मात्र सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे काय, सांगायचं तर चावीचंही सांगावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पत्रा वाकडा बसला म्हणून निशिगंधानं आत हात घातला. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर गेलं.

दुसऱ्या दिवशी सयाजीशेठनी सगळ्यांना देव्हाऱ्यापुढं गोळा केलं. शेठ माणूस वाईट नाही. पोरीच्या दवाखान्याचं सगळं त्यांनीच केलं, पण चिडले होते. म्हणाले, सेन्सर कोणी बंद केला ते आज कळलं पाहिजे. रणजीतनं बिरूभाऊकडे बघितलं. बिरूभाऊ म्हणाला, मी केला न्हाई, पन ड्रॉवरला कुलूप न्हवतं, ती चूक माझी हाय. शेठचं कुलदैवत खंडोबा. त्यांनी जेजुरीचा भंडारा ताटलीत काढला, वर बेलाचं पान ठेवलं. एकेकानं बेलभंडार उचलायचा आणि मी केलं नाही म्हणून सांगायचं. आमच्याकडे हा शेवटचा उपाय असतो. बेलभंडार हातात घेऊन खोटं बोलणाऱ्याचं वाटोळं होतं, हे लहानपणापासून ऐकलेलं.

माझा नंबर सातवा होता. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. माझी नोकरी गेली तर घर बसलंच. मी मनात म्हटलं, देवा, तुझ्या माळेसाठीच केलं, तूच सांभाळ, मी जेजुरीला येऊन तळी भरीन, काय दंड असेल तो देईन. आणि मी बेलभंडार उचलला. म्हणाले, मी केलं नाही.

बिरूभाऊ सगळ्यात शेवटी होता. त्यानं ताटलीकडे बघितलं आणि हात मागं बांधले. म्हणाला, मी उचलनार न्हाई. सगळीकडे कुजबुज. शेठ म्हणाले, खरा असशील तर भ्यायचं काय? तो म्हणाला, भीत न्हाई शेठ, मानत न्हाई. रणजीत वैतागला, अरे मानत नाहीस तर तुझं काय जातंय, उचल आणि मोकळा हो. बिरूभाऊ तेव्हा जे बोलला ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"हे उचललं तर तुमाला वाटंल, मी देवाला भिऊन खरं बोलतोय. ते खोटं व्हईल. मी नुसतंच खरं बोलतोय."

शेठनी ताटली खाली ठेवली. म्हणाले, ज्या दिवशी उचलशील त्या दिवशी कामावर ये. बिरूभाऊनं टेस्टर खिशात घातला आणि निघून गेला.

त्याच रविवारी मी जेजुरीला गेले. पायऱ्या चढले, तळी भरली, पाच नारळ फोडले, नाक घासलं. उतरताना खरंच हलकं हलकं वाटत होतं. मिटलं, असं वाटलं. सोमवारी कामावर आले आणि रजिस्टर उघडलेलं दिसलं. बिरूभाऊच्या जागी आलेल्या नव्या पोरानं बाराच्या बारा मशिनींपुढं टिका मारल्या होत्या, आणि हे नवे साहेब अजून चहाच पीत होते.

पंधरा दिवस झाले, बिरूभाऊ आला नाही. बिरूच चोर, नाहीतर उचलला असता, असं सगळे बोलायला लागले. मला झोप लागेना. त्यातून मी काय उपाय काढला बघा. मी बिरूभाऊच्या गावी गेले, कशाला, तर त्यानं भंडारा उचलावा म्हणून समजूत घालायला. म्हणजे तो कामावर येईल आणि माझं मलाच काही सांगावं लागणार नाही. माणसाचं डोकं कुठं कुठं धावतं.

घर साधं, पुढं शेवगा. गवराबाईंनी चहा केला. बिरूभाऊ ओसरीवर कोणाचा तरी पंखा दुरुस्त करत बसला होता. मी माझं घोडं पुढं दामटलं. भाऊ, घरच्यांकडे बघ, एक चिमूट हळद उचलायला काय जातं, देव मोठा आहे, तो समजून घेईल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन एक कागदाची पुडी आणली आणि माझ्यापुढं उघडली. आत सेन्सरची ती चावी, जाताना त्यानं ड्रॉवरमधून बरोबर आणलेली. तिच्या डोक्यावर हळदीचे दोन ठसे, वाळून गेलेले.

खंडेनवमीला मशिनींना हळदकुंकू आम्ही बायकांनी लावलं होतं. पुरुषांचे हात कोरडे होते, आणि बिरूभाऊनं तर हळदीला कधीच हात लावला नव्हता. ती चावी शेठपुढं टाकली असती तर त्याच क्षणी तो सुटला असता. मी विचारलं, मग दाखवली का नाहीस?

तो म्हणाला, हळद आठ बायांच्या हाताला व्हती. दाखवली असती तर शेठनी आठीजनींना घरी बसवलं असतं. मी कुनाला बघितलं न्हाई, तर नाव कुनाचं घेऊ?

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. म्हटलं, भाऊ, मीच फिरवली. मी खोटा भंडारा उचलला. पण देवाची शपथ, मी जेजुरीला जाऊन तळी भरून आले, नाक घासून आले. तू पण मला माफ कर.

त्यानं पंख्याचा स्क्रू घट्ट केला. मग म्हणाला, "माझं सोडा ताई. बोट तिचं गेलंय. तुमी एवढ्या लांब जेजुरीला गेलात. ती तर तुमच्याच चिखलीत राहती."

मला त्याचा राग आला, खरंच आला. एवढं रडून सांगितलं तर हा मेला असा कोरडा. बसमध्ये मी त्याला मनातल्या मनात शिव्या देत होते. मोशी येईपर्यंत शिव्या संपल्या. चिखलीत उतरले आणि पाय माझ्या घराकडे न वळता दोन गल्ल्या पुढं गेले.

दार निशिगंधाच्या आईनं, भिमाबाईंनी उघडलं. पोरगी कोपऱ्यात बसली होती, हाताला पट्टी. तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती, तरी दारात पणती नाही की आकाशकंदील नाही. मी विचारलं तर भिमाबाई तोंड फिरवून म्हणाल्या, काय दिवाळी करता बाई, पोरीनं देवाला विटाळ केला, त्याची शिक्षा झाली. मला कळेना. मग निशिगंधानंच मान खाली घालून सांगितलं. खंडेनवमीला तिला पाळी आली होती. ते लपवून तिनं पूजेच्या माळेला हात लावला, म्हणून देवानं तेच बोट नेलं. पंधरा दिवस माय-लेकी हेच धरून बसल्या होत्या. आई तिला देवापाशी दिवासुद्धा लावू देत नव्हती.

माळेचं टोक तिच्या हातात मी दिलं होतं. ती मागं सरकत होती, आणि मी म्हटलं होतं, लाजतेस काय.

जेजुरीच्या सगळ्या पायऱ्या चढताना वाटलं नव्हतं ते तिथं वाटलं. मी तिच्यापुढं जमिनीवर बसले. म्हटलं, निशिगंधा, देवानं काही केलं नाही गं. सेन्सर मी बंद केला. चावी मी फिरवली, आणि तुला सांगितलं नाही. तुझं बोट माझ्यामुळं गेलं.

मला वाटलं, ती थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती आईकडे वळली आणि फक्त एवढंच म्हणाली, "आई, ऐकलंस ना?" आणि मग ओक्साबोक्शी रडायला लागली. भिमाबाईंनी मला घराबाहेर काढलं. बरोबरच केलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी सयाजीशेठना म्हटलं, सगळ्यांना देव्हाऱ्यापुढं बोलवा. सगळे जमले. मी सांगितलं, सेन्सर मी बंद केला, बिरूभाऊ खरा आहे. शेठना पटेना. त्यांना वाटलं, बिरूसाठी मी आपल्या अंगावर घेतेय. त्यांनी पुन्हा भंडाऱ्याची ताटली पुढं केली. म्हणाले, हे उचल आणि मग सांग.

मी देव मानते, आजही मानते. पण माझा हात पुढं झाला नाही.

"नको शेठ. उचलून मी खोटं बोलले होते. आता नुसतंच सांगते."

शेठनी ताटली खाली ठेवली. मला महिनाभर घरी बसवलं आणि त्यानंतर पॅकिंगला टाकलं. चार नंबरवर परत बसवणार नाही म्हणाले. पटलं मला. नोकरी राहिली हेच पुष्कळ. कोणी म्हणालं, बघ, खरं बोललीस म्हणून देवानं सांभाळलं. असेलही. मला एवढंच ठाऊक आहे, की खोटं बोलताना देव माझ्या ओठांवर होता, आणि खरं बोलताना माझ्यापुढं निशिगंधाचा हात होता.

शेठच्या निरोपावर बिरूभाऊ दुसऱ्याच दिवशी कामावर आला. रजिस्टर काढलं, त्या सोमवारच्या टिका तशाच ठेवल्या आणि खाली आपल्या बारीक अक्षरात लिहिलं: "खंडेनवमीला ड्रॉवरला कुलूप नव्हतं. चूक माझी. बिरू." महिन्यानं कामावर परतल्यावर ते वाचून मी म्हटलं, अरे आता हे कशाला, सगळं मिटलं की. तर म्हणाला, माझं लिहायचं राहिलं व्हतं.

यंदाच्या खंडेनवमीला मी माळ केली, पण दुसरं टोक धरायला कोणाला बोलवायचं धाडस झालं नाही. एक टोक खिडकीच्या गजाला बांधून ओवत बसले होते. निशिगंधा आली, गजाचं टोक सोडलं आणि आपल्या हातात घेतलं. वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. त्या दिवशी सगळ्या बायांच्या देखत, मुद्दाम ऐकू जाईल अशी म्हणाली, "ताई, आजपण माझी पाळी आहे. माळ धरू का?"

मी म्हटलं, धर.

बिरूभाऊनं स्टूल आणलं आणि माळ सेन्सरच्या दोन वीत वर बांधून दिली. मग प्रेस सुरू करून, मध्ये लाकडाची पट्टी घालून, ती थांबते का ते तीनदा बघितलं. मी हळदीची वाटी त्याच्यापुढं धरली. तो नको म्हणाला आणि पेढा तेवढा उचलला.